राजा चांगला असेल तर?

मुलांना सरकारचे प्रकार शिकवायचे म्हटलं की आपण व्याख्यांना हात घालतो. राजाचं राज्य ती राजेशाही, एकाच्या मनमानीचं राज्य ती हुकूमशाही, लोकांनी चालवलेलं राज्य ती लोकशाही. जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा, दोन गुण पदरात पडले. पण या व्याख्या पाठ करून मूल जगाच्या नकाशासमोर उभं राहिलं की अडखळतं. ब्रिटनमध्ये राजा आहे, तरी त्या देशाला आपण लोकशाही म्हणतो. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावातच 'लोकशाही' आहे, तिथे मतदानही होतं, आणि तरी सत्ता आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे गेली आहे. मुलाने विचारलं, 'मग हे कशात बसवायचं?' तर पुस्तकाकडे उत्तर नसतं.

माझं म्हणणं असं आहे की मुलांना सरकारची ओळख 'राज्य कोण करतं' या प्रश्नाने करून देऊ नये. 'राज्य करणारा नकोसा झाला, तर मारामारी न करता त्याला घरी कसं पाठवायचं' या प्रश्नाने करून द्यावी. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी हाच प्रश्न राज्यशास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवला होता, पण तो समजायला तत्त्वज्ञान लागत नाही. खेळाच्या मैदानावर मुलांनी तो अनुभवलेला असतो. ज्याची बॅट त्याची बॅटिंग, हे राज्य त्यांनी भोगलेलं असतं. बॅटवाला गुणी असेल तर खेळ रंगतो. तो रुसला की बॅट काखोटीला मारून घरी जातो, आणि बाकीच्यांनी काय करायचं याला उत्तर नसतं. वर्गणी काढून बॅट घेतली की भांडणं थांबत नाहीत, उलट वाढतात. फक्त एकट्या कुणाला बॅट घरी नेता येत नाही.

या प्रश्नाच्या मागोमाग आणखी दोन येतात: नियम कोणी केला, आणि हिशेब कोणाकडे मागायचा? एवढी तीन प्रश्नांची शिदोरी घेऊन मूल कुठल्याही देशात, कुठल्याही काळात फिरून येऊ शकतं.

महाराष्ट्रातल्या मुलाला मात्र पहिल्याच पावलावर एक अडचण येते, आणि ती फार मोलाची आहे. चौथीत त्याने शिवछत्रपतींचा इतिहास वाचलेला असतो. राजा म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर महाराज उभे राहतात. त्यामुळे राजेशाहीचा धडा सुरू झाला की वर्गातून एक हात वर येतोच: 'शिवाजी महाराज तर राजेच होते ना? मग राजा असणं वाईट कसं?' आपण मोठी माणसं इथे चुळबुळ करतो. 'तो काळ वेगळा होता' असं काहीतरी म्हणून पुढच्या परिच्छेदावर जातो. हा प्रश्न टाळणारा शिक्षक संबंध विषयच टाळतो, असं मला वाटतं. कारण मुलाने विचारलेलं अगदी बरोबर आहे. राजा चांगला असेल तर राजेशाहीला नावं का ठेवायची?

उत्तर महाराजांच्याच चरित्रात सापडतं, आणि त्यासाठी त्यांचं मोठेपण कणभरही कमी करावं लागत नाही. चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेलं पत्र मुलांना समजावून सांगावं. पावसाळा तोंडावर आहे. दाणागोटा आताच उधळलात तर पुढे घोडे उपाशी मरतील, मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरात शिरून कुणाचं धान्य, कुणाची भाकर, कुणाचा भाजीपाला उचलू लागतील, आणि रयतेला वाटेल यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. एवढं मोठं राज्य उभं करणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो, तो कशासाठी? रयतेच्या भाजीच्या देठाला धक्का लागू नये म्हणून. मुलं हे ऐकताना हरखून जातात, आणि जायलाच हवं.

मग विचारावं: शिपायाने तरीही भाजी उचलली, तर कुणब्याने कोणाकडे जायचं? महाराजांकडे. महाराज न्याय देतील? देतील. आणि महाराज नसतील तेव्हा?

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराज गेले. पुढच्या काही महिन्यांत काय घडलं ते मुलांपासून लपवायचं कारण नाही. काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजाराम महाराजांना गादीवर बसवलं. संभाजी महाराज पन्हाळ्यावर होते. सरसेनापती हंबीरराव मोहिते त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि रायगड संभाजी महाराजांच्या ताब्यात आला. पुढच्या वर्षी अण्णाजी दत्तोंसारख्या जुन्या कारभाऱ्यांना देहदंड झाला. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि खेडला त्यांच्या आणि राजाराम महाराजांच्या पत्नी ताराराणींच्या फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. या भांडणांत कोणाची बाजू खरी यावर इतिहासकार लिहीत राहतील. मुलाने पाहायचं ते इतकंच: माणसं तीच, गड तेच, स्वराज्यावरची माया तीच, आणि तरी तलवारी निघाल्या. सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जायची सर्वांना मान्य असलेली वाट नव्हती. महाराजांसारखा राजा मिळणं हे रयतेचं भाग्य होतं. भाग्य पुढच्या पिढीला वारशाने मिळेलच असं नाही.

राजेशाहीच्या बाजूने जे खरं आहे तेही मुलांना सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण त्यांना एकतर्फी शिकवतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याआधी, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानातल्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम त्यांनी काढला होता. एका सहीने. कायदेमंडळात चर्चा होऊन बारगळलेली गोष्ट एका राजाने करून दाखवली. (गोखल्यांसमोरचं ते कायदेमंडळ सरकारी अधिकाऱ्यांच्या आणि सरकारने नेमलेल्यांच्या वजनाखाली होतं, लोकांनी निवडलेलं नव्हतं, हेही जोडून सांगावं.) चांगल्या राजाच्या हातात वेग असतो. पण ज्या सहीने शाळा उघडते त्याच प्रकारच्या सहीने ती बंदही होऊ शकते, आणि दोन्ही वेळा पालकाला कोणी विचारलेलं नसतं.

हे मनात ठेवून औंधला जावं. आज मुख्यतः सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेली ७२ गावं, सुमारे ७५ हजार वस्ती, एवढंच ते संस्थान. किर्लोस्करवाडी याच संस्थानातली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे भोक्ते, चित्रकार, कीर्तन करणारे, प्रजेत मिसळणारे. म्हणजे पुन्हा चांगला राजा. पण या राजाने १९३८ मध्ये जाहीर केलं की सत्ता प्रजेकडे सोपवायची. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटनेचा आराखडा केला, आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावाने पंचायत निवडायची, गावांतून तालुक्याचा कारभार उभा राहायचा आणि तालुक्यांतून संस्थानाचं विधिमंडळ. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली, जिच्यावरून पुढे व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' आला.

औंधची गोष्ट मला मुलांसाठी फार महत्त्वाची वाटते. लोकशाही म्हणजे दुष्ट राजाला हाकलून मिळवलेलं बक्षीस, असं चित्र गोष्टींतून त्यांच्या मनात तयार झालेलं असतं. इथे राजा दुष्ट नव्हता. प्रजा वाड्यावर चालून आली नव्हती. तरी त्याला उमगलं की आपण चांगले आहोत एवढ्यावर लोकांनी विसंबून राहू नये. अलीकडच्या काळात भूतानमध्ये असंच घडलं. तिथल्या चौथ्या राजाने स्वतःहून गादी सोडली, २००८ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि नव्या राज्यघटनेत राजालाही पायउतार करण्याची तरतूद आली. त्याच वर्षी शेजारच्या नेपाळमध्ये राजेशाही संपली, पण तिथे आधी दहा वर्षं यादवी झाली होती आणि हजारो माणसं मेली होती. दोन शेजारी, एकच वर्ष. मुलांना या दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगाव्या आणि गप्प बसावं. पुढचे प्रश्न तीच विचारतात.

आता हुकूमशाही. इथे आपण सरळ हिटलरकडे जातो. मुलं त्याच्या मिशीचं चित्र काढतात, गॅस चेंबरचं ऐकून घाबरतात, आणि हुकूमशहा म्हणजे दूर देशातला राक्षस अशी समजूत करून घेतात. मराठी मुलासाठी याहून जवळचा धडा गोव्यात आहे, आणि आपण तो बहुधा 'पोर्तुगीजांची गुलामगिरी' या एका ओळीत उरकतो. गुलामगिरी होतीच. पण १९६१ पर्यंत गोवेकर ज्या राजवटीखाली जगत होते ती नुसती परक्यांची नव्हती. ती हुकूमशहाचीही होती.

आंतोनियु सालाझार हा मनुष्य राक्षस दिसत नाही, म्हणूनच तो शिकवावा. कोइम्ब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक. राहणी साधी, लग्न केलं नाही, पैसे खाल्ल्याचा बोभाटा नाही, भाषणांचा गडगडाट नाही. १९२८ मध्ये तो पोर्तुगालचा अर्थमंत्री झाला, कर्जात बुडालेल्या देशाचा जमाखर्च त्याने जुळवून दाखवला, आणि १९३२ मध्ये पंतप्रधान झाला. पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना आली. तिथे निवडणुका होत. संसदही होती. पण निवडून येत ती एकाच पक्षाची माणसं. वर्तमानपत्र छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे जाई आणि निळ्या पेन्सिलीने कापला जाई.

ती पेन्सिल गोव्यात कुठवर पोचली होती हे मुलांना अगदी जवळून दाखवावं. घरात लग्न ठरलंय. मुहूर्त, वधू-वरांची नावं, कुलदैवत, कार्यस्थळ, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' हे सगळं लिहून झालंय. मजकूर छापखान्यात द्यायचा तर आधी सरकारी मंजुरी लागते. लग्नपत्रिकेत कोणाला काय आक्षेपार्ह सापडणार? सापडो न सापडो. जो माणूस मुलीच्या लग्नाची पत्रिका तपासून घ्यायला कचेरीत जाऊन उभा राहतो, तो पत्रक काढायच्या किंवा सभा घ्यायच्या फंदात पडत नाही. भीती घराघरांत अशी पोचते. मुलं नेहमी विचारतात, 'मग लोक गप्प का बसले?' त्याचं उत्तर या पत्रिकेत आहे. आणि १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभेत बोलायला उभं राहणं एवढं मोठं का ठरलं, तेही यातूनच कळतं.

या गोष्टीचा शेवट मात्र खुद्द पोर्तुगालमध्ये आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ज्या देशाने गोव्यावर राज्य केलं त्या पोर्तुगालच्या लोकांना मात्र स्वातंत्र्यासाठी ही राजवट उलथली त्या २५ एप्रिल १९७४ पर्यंत थांबावं लागलं. लिस्बनचा संपादक आणि म्हापशाचा छापखानेवाला एकाच पेन्सिलीला भीत होते. सालाझारला खुर्चीवरून लोकांनी उठवलं नाही, मतदानाने उठवलं नाही. ३६ वर्षांनी, १९६८ मध्ये, आजारपणाने उठवलं. साधा, कष्टाळू, पैशाला स्वच्छ अशी सगळी प्रशस्तिपत्रं देऊनही 'याला घरी कसं पाठवायचं' या प्रश्नाला त्याच्या राज्यात उत्तर नव्हतं. चांगला राजा हवा म्हणणाऱ्या मुलाला हे उदाहरण आतून हलवतं. आणि त्याच गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर थेट जनमत घेतलं गेलं. विलीनीकरणासाठी फूल, स्वतंत्र राहण्यासाठी दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. पत्रिका तपासून घेणाऱ्या पिढीलाच सहा वर्षांच्या आत विचारलं गेलं, आणि तिने महाराष्ट्रातल्या अनेकांना न आवडलेलं उत्तर दिलं. ते उत्तर मानलं गेलं.

मराठवाड्यातल्या मुलाने हाच धडा निजामाच्या राज्यात शोधावा. तिथे सभा घ्यायची तर परवानगी लागे, म्हणून भाषेची, साहित्याची, संस्कृतीची निमित्तं काढून माणसं एकत्र येत. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे रझाकारांच्या दिवसांच्या आठवणी अजून असतील, किंवा त्यांनी आईवडिलांकडून ऐकलेल्या असतील. त्या विचारून लिहून आणणं हा नागरिकशास्त्राचा गृहपाठ का असू नये?

एवढं झालं की मुलांना लोकशाही म्हणजे मतदान, जास्त मतं त्याचा विजय, असं वाटू लागतं. सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती निस्तरायला महाडला जावं लागतं.

सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचं ठरवलं. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागद झाला, पण पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. हा भाग पुस्तकांत असतो. पुढचा भाग मुलांपर्यंत क्वचित पोचतो: त्याच वर्षी ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तळ्यावरच्या हक्काचा दिवाणी दावा आधीच्या कोर्टांतून चढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला. दहा वर्षं. एका ओंजळ पाण्यासाठी.

वर्गात हे सांगताना ठराव मागे घेतल्याच्या क्षणी थांबावं. नगरपालिकेने बेकायदा काही केलं का? सभा भरली, ठराव मांडला, मंजूर झाला. रीतीप्रमाणेच झालं. मग चूक काय? सहावी-सातवीची मुलं यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. एखादा म्हणतो, 'मतदानात ज्यांना पाणी हवं होतं त्यांना धरलंच नव्हतं.' ते खरंच आहे, तेव्हा मताचा हक्क सर्वांना नव्हता. पण मग पुढे विचारावं: समजा सगळ्यांना मत असतं आणि तरी बहुमताने ठरलं असतं की काहींनी इथलं पाणी प्यायचं नाही, तर? वर्गातल्या चाळीस जणांपैकी एकोणचाळीस जणांनी हात वर करून ठरवलं की एकाने टाकीला हात लावायचा नाही, तर ते चालेल?

नाही चालणार. यातूनच राज्यघटना समजते. काही गोष्टी मताला टाकायच्याच नसतात, हे आधी सर्वांनी मिळून लिहून ठेवलेलं असतं. भारताच्या संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा उल्लेख आहे. अशा मोठ्या दस्तऐवजात विहिरी कशाला आल्या, हे महाडची गोष्ट ठाऊक असलेल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. सतरावं कलम अस्पृश्यताच नष्ट करतं. मूलभूत हक्क हा शब्द मुलांनी पाठ केलेला असतो, पण तो कोणाच्या तहानेतून आला हे कळल्यावर त्याला वजन येतं. महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणारा माणूस पुढे संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, यातला धागा मुलांच्या हाती द्यावाच.

आणीबाणी मुलांना शिकवावी का, यावर पालक कचरतात. आजच्या पक्षांचं नाव निघेल, घरात वाद होतील. मला वाटतं शिकवावी, आणि नावांसकट शिकवावी. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींच्या सरकारने आणीबाणी लावली. विरोधक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. पाच वर्षांसाठी निवडलेल्या लोकसभेची मुदत घटनादुरुस्ती करून सहा वर्षांची केली गेली. १९७५ च्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू लावून धरली, आणि पुढे त्यांनाही तुरुंगात जावं लागलं. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि पंतप्रधानांचा स्वतःच्या मतदारसंघात पराभव झाला. मुलांना यात दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत: लोकशाही संसदेत हात वर करूनही गोठवता येते, आणि तिथे निवडणुकीची वाट शिल्लक राहिली म्हणून राज्यकर्त्याला घरी पाठवता आलं. आज कुठलाही पक्ष सत्तेत असो, मुलाने हेच तीन प्रश्न विचारावे. पालकांना आपल्या पक्षाबद्दल ते ऐकणं जड जाईल, पण जड जाणाऱ्या प्रश्नांचाच उपयोग असतो.

शहरातल्या मुलांना तर इतिहासात जायचीही गरज नाही. मुंबई आणि पुण्याच्या महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, निवडणुका लांबल्या, आणि तीन वर्षांहून जास्त काळ या शहरांचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकांनी चालवला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असं सांगावं लागलं. त्या काळात कचरा उचलला जात होता, दिवे लागत होते, पाणी येत होतं. प्रशासक कर्तबगारही असतील. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता, एवढाच फरक. शाळेसमोरच्या उघड्या गटाराबद्दल मुलांनी नगरसेवकाला पत्र लिहायचं ठरवलं असतं, तर पत्रावर नाव कोणाचं घालायचं? वॉर्ड ऑफिसातला अधिकारी बदलीच्या आदेशाने येतो आणि बदलीच्या आदेशानेच जातो. गल्लीतल्या मतदाराचा त्यात हात नसतो. देशात लोकशाही, राज्यात लोकशाही आणि आपल्या शहरात काही काळ ती नाही, असंही असू शकतं, हे मुलांना त्यांच्याच पत्त्यावर दाखवता आलं असतं. किती शाळांनी दाखवलं?

खेड्यातल्या मुलाचं नशीब याबाबत बरं आहे, कारण त्याच्याजवळ ग्रामसभा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी घोषणा केली आणि ती अमलात आणली. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. २००९ मध्ये या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. जोड्या लावायच्या प्रश्नात या गावाला कुठे बसवणार? मुलाला एखाद्या २ ऑक्टोबरला आपल्याच गावच्या ग्रामसभेला न्यावं. कधी कोरम न भरल्याने सभा तहकूब होते; भरते तेव्हा बायका मागे बसतात, ग्रामसेवक भराभर विषय वाचतो, एखादा म्हातारा उठून पाणीपट्टीचा हिशेब मागतो आणि सगळे त्याच्याकडे वळून पाहतात. जसं आहे तसं पाहू द्यावं.

आणि शाळा. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत जूनच्या अखेरीला मंत्रिमंडळाची निवडणूक होते, आणि ती पाहण्यासारखी असते. व्हरांड्यात बाक आडवा टाकून मतदान केंद्र केलेलं. सातवीतली मुलगी मतदार यादी घेऊन नाव तपासते, दुसरी मार्करने बोटाला शाई लावते, पहिलीतलं पोर टाचा उंचावून चिठ्ठी डब्यात टाकतं. मग मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री शपथ घेतात. आणि दुसऱ्या दिवसापासून मुख्यमंत्री प्रार्थनेच्या रांगा सरळ करतो, आरोग्यमंत्री नखं तपासते, स्वच्छतामंत्री झाडू वाटतो. मतं मुलांची घेतली. काम मात्र बाई सांगतील तेच. मुलं यातून जे शिकतात ते मला काळजीत टाकतं: निवडून आलेला माणूस वरच्याचे हुकूम खालच्यांवर बजावतो.

त्या मंत्रिमंडळाला ठरवण्यासारखं काहीतरी खरं द्यावं. वाचनालयात येणारी पुस्तकं, शनिवारच्या शेवटच्या तासिकेचा उपयोग, खेळाच्या साहित्यासाठी एक छोटी रक्कम आणि तिचा फळ्यावर लिहायचा हिशेब. शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी घेतले जातातच. त्यांना खिचडीच्या चवीबद्दल आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल बोलू द्यावं, आणि बोललेलं इतिवृत्तात यावं. मुख्य म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा अविश्वास ठराव मांडायची मुभा ठेवावी. शिक्षक म्हणतात, मुलं याचा खेळखंडोबा करतील, चिडून कोणालाही पाडतील. पहिल्या वर्षी करतीलही. एखादा चांगला मुख्यमंत्री विनाकारण पडेल, एखादा पेनं वाटून निवडून येईल, आणि ज्यांनी पेनं घेतली त्यांना खेळाचे पैसे कुठे गेले याचा हिशेब डिसेंबरात मागावा लागेल. तेव्हा त्यांनी तो मागावा, आणि बाईंनी मध्ये पडू नये.